यमाताराजभानसलगा

या सदरातून आजवर सुभाषिते, व्याकरण, सणवार आणि मुलांचे वळण याच विषयांवर लिहिण्याचा परिपाठ आहे. तेव्हा या खेपेस संगणकाच्या गणिताविषयी लिहावयाचे योजिले आहे असे म्हटल्यास वाचक भगिनी-बंधूंपैकी कित्येकांस आश्चर्य वाटेल. प्रस्तुत लेखक मॅट्रिकच्या पुढे न गेलेला, पाठशाळेत संस्कृत शिकलेला आणि जन्मभर तेच शिकविलेला एक निवृत्त मास्तर आहे, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस तर हा निव्वळ आगाऊपणा वाटेल. परंतु घरात प्रसंगच असा घडला की, लिहिल्यावाचून राहवत नाही. शिवाय त्या प्रसंगाच्या ओघात मला माझी एक जुनी चूक कबूल करावयाची आहे, आणि चूक कबूल करण्यास वयाची आडकाठी नसावी.

माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षास आहे. शिक्षणासाठी ती कसबा पेठेतील आमच्या जुन्या घरी राहते. मागील सत्रात तिचा एक विषय राहिला. विषयाचे नाव ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’. गणितात नापास होणे ही गोष्ट आमच्या घराण्यास अगदीच अपरिचित नाही. पण पोरीचे दुःख निराळे होते. ती म्हणाली, “आजोबा, गणिताची मला भीती नाही. पण या विषयात कशाचा कशाशी संबंधच नाही. एक धडा तर्काचा, एक संचांचा, एक मोजणीचा, एक नुसत्या ठिपक्यांचा आणि रेघांचा. पाठ करायचे आणि उतरवून यायचे. त्यापेक्षा शाखाच बदलावी असे वाटते.” दोन दिवस घरात याचीच चर्चा चालली. तिच्या आईचे म्हणणे एक, वडिलांचे दुसरे. ‘पाठ करायचे आणि उतरवून यायचे’ हे शब्द मात्र, जन्मभर मुलांकडून घोकून घेतलेल्या मास्तरास, आतवर लागले. तिसऱ्या दिवशी मी तिचे पुस्तक मागून घेतले.

इंग्रजी कोश जवळ घेऊन आठ दिवस ते चाळले. पुष्कळसे कळले नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. जे कळले त्यातील पहिली गोष्ट ही की, जगातील काही वस्तू मापावयाच्या असतात आणि काही मोजावयाच्या. दूध मापतात, दोन मापांच्या मध्ये हवे तेथे थांबता येते. जपमाळेचे मणी मोजतात. सत्तावन्नावा आणि अठ्ठावन्नावा यांच्यामध्ये कोणताही मणी नसतो. पाण्याची धार, उष्णता, पडत्या दगडाचा वेग यांचे गणित ते मापण्याचे गणित. मण्यांसारख्या सुट्या सुट्या वस्तूंचे गणित ते हे. परिभाषेत यास ‘विविक्त गणित’ म्हणतात. विविक्त म्हणजे वेगवेगळे केलेले.

संगणकास याच गणिताची गरज लागते, कारण त्याच्या पोटात मधली स्थितीच नाही. वीज वाहते आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली तर्काच्या ‘होय’ आणि ‘नाही’ यांचे बीजगणित ग्रंथरूपाने मांडले. क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखविले की, तेच बीजगणित विजेच्या उघडझाप करणाऱ्या कळांस जसेच्या तसे लागू पडते. आजचा प्रत्येक संगणक, आणि वाचकांच्या खिशातील दूरध्वनीही, त्याच पायावर उभा आहे.

हे वाचीत बसलो असता दुपारच्या वेळी तांबट आळीकडून ठोके ऐकू येत होते. हा आवाज आता पूर्वीइतका राहिला नाही. तरी काही घरांतून अजून घडाई चालते. एक ठोका जड, दोन हलके, पुन्हा एक जड. चाळीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप कागदावर चिन्हे करू लागला: गुरू, लघू, लघू, गुरू. आणि एकाएकी ध्यानात आले की, दोनच चिन्हांवर चालणारे एक शास्त्र आपण जन्मभर शिकवीत आलो आहो.

छंदःशास्त्राचे आचार्य पिंगल हे इसवी सनापूर्वीचे मानले जातात. अक्षर एक तर लघू, नाही तर गुरू, एवढ्याच भांडवलावर त्यांनी प्रश्न घातला की, अमुक अक्षरांचे चरण किती प्रकारचे होऊ शकतील? एका अक्षराचे दोन, दोन अक्षरांचे चार, तिहींचे आठ. प्रत्येक वाढत्या अक्षरागणिक दुप्पट. या सर्व प्रकारांची नियमाने केलेली यादी म्हणजे प्रस्तार. तीन अक्षरांच्या प्रस्तारातील आठ ओळी म्हणजेच आपले आठ गण. त्यांचा तेथील क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा आहे. ‘म’ म्हणजे तिन्ही गुरू, ‘न’ म्हणजे तिन्ही लघू.

पिंगलांचे खरे कौतुक यापुढे आहे. प्रस्तार पुसला गेला, आणि कोणी विचारले, सहावी ओळ कोणती होती, तर काय करावे? या प्रश्नास ‘नष्ट’ असे नाव आहे. रीत अशी: संख्या सम असल्यास निम्मी करून ‘ल’ लिहावा, विषम असल्यास एक मिळवून निम्मी करावी आणि ‘ग’ लिहावा, जितकी अक्षरे तितक्या वेळा हेच करावे. सहा ही सम संख्या, म्हणून ल, उरले तीन. तीन विषम, एक मिळवून चार, निम्मे दोन, म्हणून ग. दोन सम, म्हणून ल. उत्तर आले लगल, अर्थात ‘ज’ गण. वरचा क्रम मोजून पाहावा. सहावा ‘ज’च आहे.

तीन अक्षरांपुरता हा पोरखेळ वाटेल. पण शार्दूलविक्रीडिताच्या एका चरणात १९ अक्षरे असतात, आणि १९ अक्षरांचा प्रस्तार ५,२४,२८८ ओळींचा होतो. पानावर चाळीस ओळी लिहिल्या तरी तेरा हजारांहून अधिक पाने भरतील. त्यातील तीन लक्षावी ओळ हवी असल्यास यादी लिहिणारा वर्षभर लिहीत बसेल. नष्टाची रीत जाणणारा १९ पायऱ्यांत उत्तर देऊन मोकळा होईल. मी हे नातीस करून दाखविले, तेव्हा ती गंभीर मुद्रेने म्हणाली, “आजोबा, गुरूला शून्य म्हणा, लघूला एक म्हणा, आणि ओळी एकापासून न मोजता शून्यापासून मोजा. हे आमच्या पहिल्याच धड्यातले द्विमान अंक आहेत. फक्त उलट्या बाजूने लिहिलेले.” मग तिने आपल्या पुस्तकातील एक पान काढले. क्रमाने लावलेल्या यादीत एखादे नाव शोधताना संगणक मधोमध उघडतो, अर्धी यादी टाकून देतो, उरलेली पुन्हा निम्मी करतो. सव्वापाच लक्ष नावांतून एक नाव वीस पायऱ्यांच्या आत सापडते. निमपट करण्याचे बळ दोन्हीकडे एकच.

दुसऱ्या दिवशी मोजणीचा धडा निघाला. त्यासाठी मी लीलावती काढली. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या या ग्रंथाच्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे. तेथे प्रश्न असा आहे की, दहा हातांच्या शंभूने दहा आयुधे हातांची अदलाबदल करून धारण केली तर मूर्तिभेद किती होतील, आणि चार हातांच्या हरीने गदा, चक्र, कमळ व शंख धारण केले तर किती? हरीचे उत्तर ४ गुणिले ३ गुणिले २ गुणिले १, म्हणजे २४. संध्येच्या आरंभी केशवापासून कृष्णापर्यंत जी चोवीस नावे आपण घेतो, त्या चोवीस मूर्ती आयुधांच्या या क्रमांनीच ओळखल्या जातात. लहानपणापासून नावे घेणाऱ्या आम्हां मंडळींपैकी ‘चोवीसच का?’ असे विचारणारे फार थोडे असतील. आमच्या पेठेच्या गणपतीस विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान असतो. मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला आहे. तो ठरलेला नसता तर वाद घालण्यास १२० पर्याय उपलब्ध झाले असते, हेही याच रीतीने निघते.

शंभूचे उत्तर मात्र ३६,२८,८०० आहे. एक मूर्ती पाहण्यास एकच मिनिट दिले, आणि रात्रंदिवस पाहत राहिले, तरी २,५२० दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षे लागतील. “संगणक क्षणात पाहील की,” मी म्हणालो. नात हसली आणि तिने पाटीवर दुसरे उदाहरण मांडले. एखाद्या वाहनास वीस गावी माल पोहोचवावयाचा आहे, आणि सर्वांत जवळचा क्रम हवा आहे. वीस गावांचे क्रम किती? एकोणीस आकडी संख्या येते. सेकंदास शंभर कोटी क्रम तपासणारे यंत्र आणले, तरी सर्व क्रम तपासून होण्यास सुमारे ७७ वर्षे लागतात. एकविसावे गाव वाढविले की त्याच्या एकवीस पट.

तेव्हा मला या विषयाचे वर्म कळले असे वाटते. यंत्र कितीही वेगवान असो, सर्व शक्यतांची यादी करीत बसणे हा मार्ग फार लवकर बंद पडतो. यादी केल्यावाचून उत्तर काढण्याची जी विद्या, तिचे नाव विविक्त गणित. किती प्रकार आहेत, हे न लिहिता सांगणे. अमुक क्रमांकाचा प्रकार, आधीचे न लिहिता काढणे. एखादी गोष्ट होणे शक्य आहे की नाही, हे करून न पाहता जाणणे. तर्क, संच, मोजणी, ठिपके आणि रेघा ही त्याच एका विद्येची निरनिराळी उपकरणे होत. नातीचा ‘कशाचा कशाशी संबंध नाही’ हा आक्षेप येथे निम्मा तरी मिटला.

येथवर गुरुपद माझ्याकडे होते. पुढे ते फिरले.

गण समजावून देताना मी सवयीने कागदावर लिहिले: यमाताराजभानसलगा. हे सूत्र ज्यांनी शाळेत घोकले नाही असे वाचक विरळा. कोणत्याही गणाचे अक्षर घ्यावे, त्यापुढील दोन अक्षरे जोडावी, की त्या गणाचा लघुगुरुक्रम मिळतो. यमाता म्हणजे लगग, हा ‘य’; मातारा म्हणजे गगग, हा ‘म’; ताराज हा ‘त’, राजभा हा ‘र’, जभान हा ‘ज’, भानस हा ‘भ’, नसल हा ‘न’, आणि सलगा हा ‘स’. नातीने प्रत्येक अक्षराखाली शून्य-एक लिहिले, तीन-तीनांचे गट बोटाने झाकीत-उघडीत पुढे सरकली, आणि जागच्या जागी उठून उभी राहिली. “आजोबा, यात आठही आले आहेत! प्रत्येक एकदाच! हे कोणी सांगितले तुम्हांला?” मी म्हणालो, “अगं, हे तर आम्ही घोकतच आलो.” ती म्हणाली, “ते नाही. असेच का होते, हे कोणी सांगितले?”

हा प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकला होता.

सुमारे तीस वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी हे सूत्र शिकवीत होतो. मागल्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हे ‘न’पासून सुरू केले तर चालेल का? आणि अशी एकंदर किती सूत्रे होतील?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ठाऊक नाही, असे म्हणण्याचे धैर्य त्याहूनही नव्हते. पूर्वजांनी केले आहे ते पुरे आहे, तुझे शहाणपण राहू दे, असे म्हणून मी त्यास ते सूत्र पन्नास वेळा लिहून आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने वही आणून दिली. सुवाच्य अक्षरात, पन्नास वेळा, एकही खाडाखोड नाही. मी खाली सही केली. त्यानंतर तो मुलगा माझ्या तासास कधी काही विचारीत नसे; आणि वर्ग शांत आहे याचे मला समाधान वाटे.

आता नातीने जे दाखविले ते सांगतो. वाचकांनी कागद-पेन्सिल घेतल्यास बरे. चार ठिपके काढावे आणि ते चार चौक आहेत असे समजावे. त्यांची नावे: लल, लग, गल, गग. प्रत्येक गण हा एका चौकातून दुसऱ्या चौकात नेणारा एकेरी वाहतुकीचा बोळ आहे. गणाची पहिली दोन अक्षरे म्हणजे निघण्याचा चौक, शेवटची दोन म्हणजे पोहोचण्याचा. ‘य’ म्हणजे लगग. म्हणून तो ‘लग’ चौकातून ‘गग’ चौकात जातो. ‘त’ हा ‘गग’मधून ‘गल’मध्ये, ‘र’ हा ‘गल’मधून ‘लग’मध्ये, ‘ज’ हा ‘लग’मधून ‘गल’मध्ये, ‘भ’ हा ‘गल’मधून ‘लल’मध्ये, ‘स’ हा ‘लल’मधून ‘लग’मध्ये. ‘म’ आणि ‘न’ हे बोळ आपापल्या चौकास वळसा घालून तेथेच परत येतात. आठ बोळ झाले. आता आपले सूत्र म्हणत चालावे: य, म, त, र, ज, भ, न, स. प्रत्येक बोळातून एकदाच जाणे होते, कोणताही चुकत नाही, आणि आपण निघालो त्याच चौकात परत येतो. जन्मभर घोकलेले सूत्र म्हणजे या चार चौकांच्या पेठेची एक बिनचूक फेरी आहे.

अशा फेरीचा प्रश्न युरोपात एका गावाने प्रसिद्ध केला. आज रशियात कालिनिनग्राड म्हणून असलेल्या कोनिग्सबर्ग शहरात नदीने गावाचे चार भाग केले होते आणि त्यांवर सात पूल होते. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन सर्व पूल फिरता येतील का, हा लोकांचा विरंगुळ्याचा प्रश्न. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७३६ सालच्या आपल्या लेखात दाखविले की, ते शक्य नाही. आणि त्यासाठी एकही फेरी चालून पाहण्याची गरज नाही. प्रत्येक ठिकाणी किती पूल लागतात एवढेच मोजावे. एखाद्या जागी आपण जितक्या वेळा शिरू तितक्या वेळा बाहेर पडलेच पाहिजे. म्हणून, निघण्याची आणि थांबण्याची जागा वगळता, कोठेही पुलांची संख्या विषम असून चालणार नाही. कोनिग्सबर्गात चारही ठिकाणी ती विषम होती. ठिपके आणि रेघांच्या गणिताचा, म्हणजे आलेखशास्त्राचा, आरंभ येथून मानतात. आपल्या चार चौकांत मात्र पाहावे: प्रत्येक चौकात दोन बोळ येतात आणि दोन निघतात, आणि प्रत्येक चौकातून इतर सर्व चौकांस जाता येते. एवढ्यावरून फेरी असलीच पाहिजे, हे सूत्र न रचताही सांगता येते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. सूत्रातील शेवटची दोन अक्षरे, ल आणि गा, ही पहिल्या दोहोंचीच, य आणि मा यांचीच, लघुगुरु-पुनरावृत्ती आहे. तेव्हा ती काढून उरलेली आठ अक्षरे बांगडीसारखी वर्तुळात मांडावी. बांगडीस आरंभ नसतो. कोठूनही सुरुवात करावी. ‘न’पासून सुरू केल्यास सूत्र असे होईल: नसयमाताराजभालल. वाचकांनी तीन-तीन अक्षरे तपासून पाहावी; आठही गण मिळतील. म्हणजे, चालेल. उत्तम चालेल. आठ ठिकाणांहून आठ सूत्रे झाली. याखेरीज दुसरी एकच बांगडी संभवते, ती पहिलीचे आरशातील प्रतिबिंब. तिचे एक सूत्र भानसजरायमातागाल. तिचीही आठ. एकंदर सोळा, आणि सतरावे नाही. दहा अक्षरांहून लहान सूत्रही होणे नाही, कारण आठ गणांस आठ आरंभस्थाने हवीत आणि शेवटच्या गणास आणखी दोन अक्षरे. नववीतल्या मुलाने सहज विचारलेला प्रश्न असा खोल होता.

तीनऐवजी चार अक्षरांचे गट घेतल्यास अशा बांगड्या १६ होतात, पाचांचे घेतल्यास २,०४८. या संख्येचा नियम १८९४ साली फ्रान्समध्ये एका गणितज्ञाने काढला होता. १९४६ साली हॉलंडच्या डी ब्रॉयन यांनी तो स्वतंत्रपणे सिद्ध केला, आणि आज या मालिका त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

याचा उपयोग काय, असे वाचक विचारतील, आणि विचारावे. वाळवीने खाल्लेल्या पोथीचे लहान लहान तुकडे सापडले, आणि एका तुकड्याची शेवटची अक्षरे दुसऱ्याच्या पहिल्या अक्षरांशी जुळत गेली, तर मूळ पोथी पुन्हा लावता येते. जीवांच्या पेशींतील आनुवंशिक मजकूर चार अक्षरांत लिहिलेला असतो, आणि यंत्रास तो सलग वाचता येत नाही. असंख्य लहान तुकडेच हाती येतात. २००१ साली शास्त्रज्ञांनी दाखविले की, हे तुकडे बोळ मानावे, त्यांची जुळणारी टोके चौक मानावी, आणि सर्व बोळांची फेरी शोधावी. तुकडा न तुकडा ताडून पाहण्यापेक्षा हे काम पुष्कळ सुकर होते. खऱ्या मजकुरात तेच ते शब्द वारंवार येत असल्यामुळे अडचणी उरतात, पण मार्ग हाच. २०२० च्या आरंभी करोनाच्या विषाणूचा सुमारे तीस हजार अक्षरांचा मजकूर जगापुढे आला, तो अशाच आलेखावर तुकडे जुळवून. त्यावरून रोगनिदानाच्या चाचण्या आणि पुढे लसी तयार झाल्या. आपण दारे लावून घरात बसलो होतो, तेव्हा दूरच्या प्रयोगशाळांतून ‘यमाताराज’च चालले होते असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथे मात्र थोडे सावध राहिले पाहिजे. असे काही निघाले की, ‘सारे आमच्याकडे आधीच होते’ असा जयघोष करण्याची आपणांस खोड आहे. संस्कृत ही संगणकास सर्वोत्तम भाषा असल्याचा निर्वाळा अमेरिकेच्या नासा संस्थेने दिला, असे मलाही पुष्कळांनी सांगितले आहे. वस्तुतः तेथील रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने १९८५ साली एक लेख लिहिला. संस्कृत वैयाकरणांची वाक्यार्थ उलगडण्याची पद्धत आणि यंत्रास ज्ञान पुरविण्याची पद्धत यांतील साम्य त्याने दाखविले. लेख वाचनीय आहे. निर्वाळा त्यात नाही. तसेच येथे. पिंगलांस वृत्ते मोजावयाची होती, यंत्र चालवावयाचे नव्हते. दहा अक्षरांचे सूत्र रचणे ही एक गोष्ट, आणि अशी सूत्रे सोळाच का हे सिद्ध करणे ही दुसरी. पहिलीचा मान आपल्या परंपरेचा आहे, दुसरीचा इतरांचा. पूर्वजांचा खरा मान राखावयाचा तर त्यांचे उत्तर घोकून भागणार नाही. त्यांस पडला तसा प्रश्न आपणांस पडला पाहिजे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला. चाळीसगावजवळ पाटण येथील त्याचा शिलालेख १२०७ सालचा आहे. मठात काय घोकले गेले हे महत्त्वाचे नाही. लीलावतीचे कितीतरी श्लोक प्रश्न विचारतात, हे महत्त्वाचे आहे. आमच्या याच पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. अनेक लहान यंत्रे एकमेकांस कशी जोडावी की काम वाटले जाईल, हा त्यातील प्रश्न; तोही ठिपक्यांचा आणि रेघांचाच.

नातीने राहिलेला विषय पुन्हा दिला आहे. निकाल लागावयाचा आहे, आणि तो काय लागेल ते मी सांगू शकत नाही. शाखा बदलण्याची भाषा मात्र घरात आता ऐकू येत नाही. परवा रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा होता. दाराशी गेलो तो ती पाठ करीत नव्हती, कागदावर चौक आणि बोळ काढीत होती.

ज्या घरांतून मुले शिकत आहेत तेथील वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे. पाठांतरास मी नावे ठेवीत नाही. सूत्र घोकलेले नसते तर ते त्या दुपारी कागदावर उतरलेच नसते. पण मुलाने ‘असेच का?’ म्हणून विचारले आणि उत्तर येत नसले, तर ‘मला ठाऊक नाही, आपण दोघे पाहू’ एवढे सहा शब्द उच्चारावे. मला ते उच्चारण्यास तीस वर्षे लागली. तो मागल्या बाकावरील मुलगा आज पंचेचाळिशीच्या घरात असेल. हे मासिक त्याच्या घरी येत असल्यास त्याने समजावे की, त्याची वही मी तपासली ती चुकीची तपासली. प्रश्न बरोबर होता. उत्तर सोळा.

बालवाचकांसाठी या महिन्याचा अभ्यास: चार-चार अक्षरांचे लघुगुरुगट एकंदर सोळा होतात. ते सर्व प्रत्येकी एकदाच येतील अशी ल आणि ग यांची १९ अक्षरांची माळ रचावी. शार्दूलविक्रीडिताच्या एका चरणाइतकी. आठ चौक काढून घेतल्यास काम सोपे जाईल. जमल्यास घरातील आजी-आजोबांस दाखवावी. आणि त्यांनी ‘हे कशाला?’ म्हणून विचारल्यास रागावू नये, त्यांस समजावून द्यावे.